मदत हवी आहे: जाऊबाईची गर्भपिशवी काढायची म्हणतायत

आम्ही बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यातले. धाकट्या जाऊबाईचं वय ३१, दोन लेकरं, कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेलं. दरसाल नवरा-बायको कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला जातात. वर्षभर अंगावरून पांढरं जातंय, ओटीपोटात कळा येतात. कुणाला बोलली नाही. कपडे धुऊन लुगड्याखाली वाळत घालते, उन्हाचा तुकडाही लागत नाही. सासूबाई म्हणतात, "उष्णता हाय, धण्याचं पाणी पी." शेवटी मलाच दिसलं.

खाजगी दवाखान्यात नेलं. फक्त सोनोग्राफी केली आणि म्हणाले, "पिशवी काढून टाका, पुढं कॅन्सर होईल." घाबरून दीर उचलीतले, म्हणजे ऊसतोडीसाठी आगाऊ घेतलेले पैसे द्यायला तयार झालेत. जाऊबाईही म्हणते, "काढली की कटकट गेली, खाडा तरी पडणार नाही." याचंच मला जास्त वाईट वाटतं.

पांढरं जाणं बहुतेकदा जंतुसंसर्गाने असतं, गोळ्यांनी बरं होतं, असं आशाताई म्हणाल्या. २०१९ नंतर बीड जिल्ह्यात पिशवी काढायला सिव्हिल सर्जनची परवानगी लागायची. अजूनही लागते का?

अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात बाईडॉक्टर कोणत्या वारी असतात? पुरुष डॉक्टरसमोर ती तपासूनच घेत नाही. आणि सासूबाईंना कसं सांगू? दसऱ्यानंतर टोळी निघेल.