समान अक्षरांचे लांबलचक इंग्रजी शब्द हवेत, अर्थासकट

वाचनालयवाली (मालवण)

मंडळी, मदत हवी आहे. आमच्या वाचनालयात शनिवारी दुपारी मुलं शब्दखेळाला येतात. सहावी ते नववीची, बहुतेक मराठी माध्यमाची. इंग्रजीत लांब शब्द दिसला की पहिल्या चार अक्षरांवर अडखळतात आणि उरलेला गिळून टाकतात. ती धास्ती जावी म्हणून मी अक्षरांचे खेळ सुरू केलेत.

परवा फळ्यावर दोन शब्द लिहिले. फेसिशस, म्हणजे नको तिथे थट्टा करणारा, आणि अ‍ॅबस्टीमियस, म्हणजे खाण्यापिण्यात संयम पाळणारा. दोन्हींत ए, ई, आय, ओ, यू हे स्वर एकेकदाच आणि ह्याच क्रमाने येतात. सातवीतली एक मुलगी उठली, लाल खडूने पाचही स्वरांना गोल केले आणि म्हणाली, "बाई, यू पासून ए पर्यंत उलटा जाणारा आहे काय?" प्रश्न जसाच्या तसा तुमच्यापुढे ठेवते.

अक्षरांची उलटापालट करून होणाऱ्या जोड्या, वाक्प्रचार, काहीही चालेल. अट एकच: अर्थ हवा. नुसता लांबीचा विक्रम मुलांकडून घोकून घेणं मला पटत नाही.

टायपिंगवाले काका (रत्नागिरी)

ताई, त्या मुलीला सांगा, आहे, आणि अगदी आपला आहे: सबकॉन्टिनेन्टल, उपखंडाचा. यू, ओ, आय, ई, ए. आणखी हवा तर अनकॉम्प्लिमेन्टरी, म्हणजे कौतुकाचा नसलेला. त्यात तोच उलटा क्रम, वर शेवटी वायसुद्धा.

मी वर्षानुवर्षं टायपिंगचा क्लास चालवला, इंग्लिश तीस-चाळीस आणि मराठी तीसला मुलं बसवली. त्यामुळे शब्द मला बोटांवरून आठवतात. टाइपरायटर हा शब्द सगळाच्या सगळा कीबोर्डच्या वरच्या ओळीत सापडतो. त्याचे सोबती प्रोप्रायटर (धंद्याचा मालक), पर्पेच्युइटी (कायमपण) आणि रेपर्ट्वार. चौघेही दहा-दहा अक्षरांचे, चौघेही वरच्याच ओळीतले. रेपर्ट्वार मुलांना चटकन कळेल: एखाद्या दशावतारी मंडळाने जेवढी आख्यानं बसवलेली असतात, तो सगळा साठा म्हणजे त्याचं रेपर्ट्वार.

स्ट्युअर्डेसेस, म्हणजे विमानातल्या सेविका, बारा अक्षरं, सगळी डाव्या हाताची. उजव्या हाताला काम फक्त पुढची स्पेस द्यायचं. बुककीपर, हिशेबनीस, ह्यात ओ, के, ई अशा तीन जोड्या लागोपाठ येतात. क्लासमध्ये दुसरा के हमखास सुटायचा, कारण एकच बोट तीच की दोनदा मारायला आळस करतं. म्हणून हा शब्द मी मुद्दाम रोज द्यायचो.

एकही अक्षर दोनदा न येणारे दोन: अनकॉपीराइटेबल, ज्यावर स्वामित्वहक्क घेता येत नाही असं काही, आणि डर्मॅटोग्लिफिक्स, बोटांच्या आणि तळव्यांच्या रेषांचा अभ्यास. दोघांत पंधरा-पंधरा अक्षरं. खरेदीखतावर अंगठा उठवतात त्या ठशाचं शास्त्र म्हणा, मुलं विसरणार नाहीत.

घाटाखालचा (कासार्डे)

सगळ्यात लांब म्हणून जो 45 अक्षरांचा शब्द सांगतात, तो जरूर घ्या, पण तोडून घ्या. न्यूमोनो (फुप्फुस), अल्ट्रा-मायक्रोस्कोपिक (सूक्ष्मदर्शकालाही भारी, इतका बारीक), सिलिको (सिलिका), व्होल्कॅनो (ज्वालामुखी), कोनिओसिस (धुळीने होणारा आजार). अमेरिकेतल्या नॅशनल पझलर्स लीगचे अध्यक्ष एव्हरेट स्मिथ ह्यांनी 1935 साली तो खास लांबीसाठी जुळवला. डॉक्टर सिलिकोसिस एवढंच म्हणतात.

पण आमच्या भागात सिलिका वाळूच्या खाणी आहेत, त्यामुळे मला हा शब्द नुसता खेळ वाटत नाही. ही बारीक धूळ डोळ्यांना दिसत नाही, तोंडाला रुमाल बांधून ती थांबत नाही, आणि एकदा फुप्फुसात व्रण पडले की ते भरून येत नाहीत. वर्गात एखाद्या मुलाचा बाप किंवा काका खाणीवर जात असेल. हे त्याला कळलेलं बरं.

निवृत्त विज्ञानबाई (देवगड)

उलटापालटीतली माझी आवडती जोडी सिनेमॅटोग्राफर आणि मेगाकायरॉप्टेरन. दोन्हींत पंधरा अक्षरं, आणि तीच. पहिला सिनेमाचं छायाचित्रण करणारा. दुसरं म्हणजे मोठं फळखाऊ वटवाघूळ. जुन्या वर्गीकरणातलं नाव, पण प्राणी मुलांच्या ओळखीचा, दिवसभर वडा-पिंपळाला उलटा लटकलेला असतो तोच.

वाक्प्रचारांत इलेव्हन प्लस टू आणि ट्वेल्व्ह प्लस वन. अक्षरं तीच, आणि बेरीजही तीच, तेरा. मोजली तर अक्षरंसुद्धा तेराच!

आता मला जे मनापासून सांगायचंय ते. अक्षरं समान असण्याचे दोन प्रकार आहेत आणि मुलांना ते वेगळे करून दाखवा. सिनेमॅटोग्राफर आणि ते वटवाघूळ ह्यांची गाठ एका एसटीत शेजारी बसलेल्या प्रवाशांसारखी, योगायोगाची. पण त्याच वटवाघळाच्या नावातलं पी-टी-ई-आर हेलिकॉप्टरमध्येही आहे, आणि तो योगायोग नाही. ग्रीकमध्ये प्टेरॉन म्हणजे पंख. हेलिको म्हणजे मळसूत्री, म्हणून हेलिकॉप्टर हा मळसूत्री पंखांचा. कायरो म्हणजे हात, म्हणून वटवाघूळ हा हातालाच पंख झालेला प्राणी. पंखाचं चित्र काढून बघा: लांबलेल्या बोटांच्या काड्या आणि त्यांवर ताणलेली कातडी, छत्रीच्या काड्यांगत नव्हे, खरोखर बोटंच, अंगठा वेगळा वर आलेला. हा शब्द ज्याने जुळवला त्याने पंख नीट पाहिला होता. अशी चार अक्षरं ओळखता आली की पंधरा अक्षरांचा शब्द मुलं तीन घासांत वाचतात. तेव्हा उलटापालट दहा मिनिटं आणि उरलेला तास ह्या नात्यांना द्या.

वाचनालयवाली (मालवण)

बाई, काका, घाटाखालचे दादा, खूप आभार. ह्या शनिवारी हेलिकॉप्टरपासूनच सुरुवात करते आणि फळ्यावर वटवाघळाचा पंखही काढते. सिलिकोसिसचंही सांगेन, सावकाश. बाई, अशी आणखी एखादी नाती द्याल? मुलांना घरच्या वापरातली वाटतील अशी.

निवृत्त विज्ञानबाई (देवगड)

रायनो घ्या. ग्रीकमध्ये तो नाकाचा शब्द. रायनोसेरॉस म्हणजे नाकावर शिंग असलेला, गेंडा. आणि मग एकवीस अक्षरांचा ओटोरायनोलॅरिंगॉलॉजिस्ट: ओटो कान, रायनो नाक, लॅरिंगो स्वरयंत्र, लॉजिस्ट जाणकार. दवाखान्याच्या पाटीवर "कान, नाक, घसा" असं लिहितात, अगदी त्याच क्रमाने.