मदत हवी आहे: वाळूची घड्याळं आत्ता वापरू की साठवू?

पोकेमॉन टीसीजी पॉकेट (मोबाइलवरचा कार्डं जमवायचा खेळ) खेळणाऱ्यांना प्रश्न. दर 12 तासांनी एक फुकट पॅक, आत 5 कार्डं; वाळूची घड्याळं खर्च केली की ही वाट कमी होते. बोटाने पाकीट फाडायचं, काही चमकतंय का बघायचं, संपलं. तेवढ्यासाठी रोज न चुकता उघडतो, लढाया फारशा खेळत नाही (20 कार्डांचा डेक बांधायचाच कंटाळा!).

आता एका संचातलं हवं ते एकच कार्ड निघत नाहीये. प्रत्येक पॅकमागे 5 पॅक पॉइंट मिळतात, पण ते त्याच संचापुरते चालतात. मग घड्याळं सगळी इथेच खर्च करून पॉइंटांवर कार्ड घ्यावं, की नव्या संचासाठी राखावीत? वंडर पिकचा (दुसऱ्याच्या पॅकमधलं एक कार्ड नशिबाने उचलायचं) मला तरी भरवसा नाही. पैसे न घालता खेळणारे काय करतात?