'अंथरलेलं' की 'चिकटलेलं'? किल्बीवर अन्याय झाला का?

सोल्डरवाला: टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या जॅक किल्बीने १२ सप्टेंबर १९५८ ला जर्मेनियमच्या तुकड्यावर अख्खं सर्किट चालवून दाखवलं, म्हणजेच आयसी (इंटिग्रेटेड सर्किट, चिप). त्याचा पेटंटचा अर्ज फेब्रुवारी १९५९ चा, फेअरचाइल्डच्या रॉबर्ट नॉइसचा जुलैचा. तरी पेटंट आधी नॉइसला. भांडण झालं, १९६७ मध्ये पेटंट बोर्ड किल्बीच्या बाजूने गेलं आणि १९६९ मध्ये अपील कोर्टाने निकाल फिरवला. का, तर किल्बीने ऑक्साइडवर (चिपवरच्या वीजरोधक थरावर) जोडणीसाठी सोनं 'अंथरता येईल' असं लिहिलं, 'चिकटलेलं' लिहिलं नाही! नुसता शब्दांचा कीस.

सातबारा: पेटंटची हद्द शब्दांनीच ठरते हो. आणि इथे शब्दामागे वस्तू आहे. सोनं ऑक्साइडला नीट धरत नाही, पापुद्र्यासारखं सुटतं; मध्ये क्रोमियमसारखा थर द्यावा लागतो. नॉइसचं ॲल्युमिनियम पक्कं बसतं. किल्बीच्या आकृतीत तर हवेतून नेलेल्या सोन्याच्या तारा आहेत. हजार ट्रान्झिस्टर असले तर त्या कोण जोडत बसणार?

सोल्डरवाला: आकृती राहू द्या. तारांऐवजी ऑक्साइडवरून जोडणी, हे त्याच अर्जात लिहिलंय. अंथरलेलं सोनं चिकटणार नाही तर काय तरंगणार?

उलटा_डायोड: तुमचं सगळं वरच्या वायरिंगवर चाललंय. एकाच सिलिकॉनवरचे शेजारी ट्रान्झिस्टर एकमेकांत करंट सोडत नाहीत, ते कशामुळे? मधल्या पी-एन जंक्शनला (दोन प्रकारच्या सिलिकॉनच्या सांध्याला) रिव्हर्स बायस, म्हणजे उलटा दाब, दिला की पलीकडे जवळपास काही जात नाही. हे पेटंट स्प्रेग कंपनीच्या कर्ट लेहोवेकचं, अर्ज एप्रिल १९५९ चा. कॉलेजात मी ७४१ या ॲम्प्लिफायर आयसीला सप्लाय उलटा जोडला होता. चौथ्या पिनेला ऋण दाब हवा, तिथे धन गेला, सबस्ट्रेटचं (खालच्या सिलिकॉनचं) जंक्शन फॉरवर्ड झालं, म्हणजे करंट सोडू लागलं, आणि आयसीवर बोट ठेववेना. लेहोवेक तेव्हा कळला, पुस्तकातून नाही.

सातबारा: मान्य, पण ते पेटंट वेगळं. त्याने किल्बीची बाजू कशी मजबूत होते?

उलटा_डायोड: होत नाही. दोघांचीही कमजोर होते; आयसी कोणा एकट्याची नाहीच.

सोल्डरवाला: बरं, एक सांगा. १९६६ मध्येच दोन्ही कंपन्यांनी एकमेकींना पेटंट वापरायचे परवाने देऊन टाकले होते. मग पुढे भांडत कशाला बसले?

सातबारा: नावासाठी, दुसरं काय! आणि २००० चं नोबेल मिळालं किल्बीलाच. नॉइस १९९० मध्येच गेला होता.