एक्स्प्लिसिट आणि इम्प्लिसिट : अर्थातला फरक

प्रश्न : 'एक्स्प्लिसिट' म्हणजे स्पष्ट. मग 'इम्प्लिसिट'ला अस्पष्ट म्हटलं तर चालेल का?

– नाही चालणार. अस्पष्ट म्हणजे नीट न कळणारं. त्याला इंग्रजीत 'व्हेग' आहे. इम्प्लिसिट गोष्ट चांगली कळते, फक्त कोणी ती तोंडाने बोललेलं नसतं. 'खिडकीतून वारा फार येतोय' असं कोणी म्हटलं की आपण उठून खिडकी लावतो. लावा, असं तो म्हणालाच नव्हता. ही विनंती इम्प्लिसिट. 'जरा खिडकी लावता का?' ही एक्स्प्लिसिट.

दोन्हींच्या मुळाशी लॅटिन 'प्लिकारे' आहे, म्हणजे घडी घालणे. घडी उलगडून समोर मांडलेलं ते एक्स्प्लिसिट, घडीच्या आत राहिलेलं ते इम्प्लिसिट. म्हणून मला 'गर्भित' हा प्रतिशब्द सर्वांत जवळचा वाटतो. 'सूचित'ही वापरतात, पण त्यात सुचवणाऱ्याचा हेतू येतो आणि इम्प्लिसिटला हेतू लागतोच असं नाही. एखाद्याच्या बोलण्यात त्याच्याही नकळत एखादं गृहीतक दडलेलं असू शकतं. 'अध्याहृत' व्याकरणापुरता ठीक: 'इकडे ये' मधला 'तू' अध्याहृत.

गणितात हा फरक फार स्वच्छ दिसतो. य = क्ष² + १ हे एक्स्प्लिसिट, कारण य एका बाजूला मोकळा उभा आहे. क्ष² + य² = २५ हे इम्प्लिसिट; य आहे, पण तो सोडवून काढावा लागतो. आणि काढायला जावं तर क्ष ३ असताना य ४ तरी किंवा उणे ४ तरी!

– मग 'इम्प्लिसिट ट्रस्ट'चं काय? 'गर्भित विश्वास' काही पटत नाही.

– पटणारही नाही. तिथे अर्थ आहे निःशंक, पूर्ण विश्वास. 'डोळे मिटून विश्वास' म्हणा, नेमकं बसेल. या अर्थापुरती दोघांची जोडी फुटते. त्याच्या उलट 'एक्स्प्लिसिट ट्रस्ट' असं कोणी म्हणत नाही.

दुसऱ्या बाजूनेही ती फुटते. गाण्यावर 'एक्स्प्लिसिट' असा शिक्का असला तर त्याचा अर्थ शब्दोच्चार स्पष्ट आहेत असा नव्हे. शिवीगाळ किंवा लैंगिक वर्णन आडपडदा न ठेवता आहे, असा तो इशारा. तिथे 'स्पष्ट' लिहिणाऱ्या भाषांतरकाराने ते गाणं बहुधा ऐकलेलं नसतं.