टायरमध्ये आपोआप हवा भरणारी यंत्रणा: फिरत्या जॉइंटला सील कुठलं घ्यावं? (रबाळे / ठाणे परिसर)

रबाळेकरीण

नमस्कार मंडळी. मी रबाळे एमआयडीसीत एका लहान मशीन शॉपमध्ये डिझाइनला आहे. तिथलं काम वेगळं, हे घरचं दुखणं आहे. मामाचे सहा ट्रेलर उरणहून भिवंडीकडे कंटेनर ओढतात. जोडचाकातल्या आतल्या टायरची हवा कुणीच बघत नाही. क्लीनर रॉडने बडवतो, आवाज टणक आला की चला पुढे. गेल्या पावसाळ्यात शीळफाट्याच्या अलीकडे आतला टायर बसला, कुणाला कळलं नाही, सगळा भार बाहेरच्यावर आला आणि मुंब्रा बायपासच्या चढावर तोही फुटला. दोन टायर गेले आणि मामा रात्रभर रस्त्यावर.

म्हणून डोक्यात घेतलंय: ट्रेलरच्या टाकीतली हवा पोकळ ॲक्सलमधून चाकाच्या टोकापर्यंत न्यायची, हब कॅपमध्ये (चाकाच्या मधल्या झाकणात) फिरता जॉइंट बसवायचा आणि तिथून दोन नळ्या दोन टायरांच्या वॉल्व्हला. हवा कमी झाली की आपोआप भरली जाईल. परदेशात ट्रेलरवर असं असतं हे माहीत आहे, मला आपल्या गाड्यांसाठी स्वतः करून बघायचंय.

पहिला नमुना फसला. बाजारातलं साधं टीसी टाइप ऑइल सील घेतलं, एसएस ३०४ ची (स्टेनलेस स्टीलची) दांडी, लेथच्या चकमध्ये धरून फिरवलं आणि हवा सोडली. ३ बारला ठीक वाटलं. ६ बारला फस्स करून लिप (सीलची रबरी कड) उलटी झाली आणि सीलची बारीक स्प्रिंग उडून चिप ट्रेमध्ये गेली, ती अजून सापडली नाही.

तर सील कुठलं घ्यावं, ग्राइंडिंग चांगलं कुठे करून मिळेल आणि रबराची चाचणी जवळपास कुठे होते? खर्च बेतात हवा, मामा हिशेबाला पक्का आहे.

आडवाटेचा

इतका खटाटोप कशाला? सहा गाड्यांना टीपीएमएसचे (टायरची हवा कमी झाली की सांगणारे) सेन्सर लावा, डिस्प्ले केबिनमध्ये. मोकळे व्हा.

कळंबोली४६

आडवाटेचा भाऊ, माझ्या दोन गाड्यांना सेन्सर आहेत. सेन्सर फक्त ओरडतो. रात्री दीडला ड्रायव्हर काय करणार? हवेचं दुकान बंद. तो डिस्प्लेवर फडकं टाकतो आणि गाडी हाकतो. (फडकं मी स्वतः बघितलंय.) ताई, तुमचा विचार बरोबर आहे, करा.

निवृत्त_फोरमन

ताई, तुमचं सील खराब नव्हतं, त्याच्याकडून भलतं काम घेतलंत. साधं ऑइल सील तेल अडवण्यासाठी असतं, दाब धरण्यासाठी नाही. त्याची ताकद साधारण ०.३ ते ०.५ बार. तुम्ही ६ दिले, तरी ३ पर्यंत टिकलं हेच नवल.

आधी ठरवा की चाक कुठलं आहे. ट्रेलरचा ॲक्सल नुसता भार घेतो, मधून काही फिरत नाही, त्यामुळे हबचा मध्यबिंदू तुम्हाला मोकळा मिळतो. ट्रकच्या मागच्या ॲक्सलला मधूनच शाफ्ट बाहेर येतो, तिथे सील शाफ्टच्या भोवती मोठ्या व्यासाचं घ्यावं लागतं. फरक किती पडतो बघा. १०.०० आर २० टायर एका फेऱ्यात सुमारे ३.२ मीटर जातो. ताशी ८० ला मिनिटाला ४१५ च्या आसपास फेरे. सीलचा व्यास १२ मिमी असेल तर घासण्याचा वेग सेकंदाला पाव मीटर. तोच व्यास १०० मिमी झाला की सव्वादोन मीटर. उष्णता आणि झीज दोन्ही वेगाबरोबर वाढतात. तेव्हा ट्रेलरपासूनच सुरुवात करा आणि व्यास जितका लहान ठेवता येईल तितका ठेवा. ड्राइव्ह ॲक्सलवाल्या यंत्रणांमध्ये तर हवा भरून झाली की नळी रिकामी करतात, चाकावरचा वॉल्व्ह टायर बंद करून घेतो, आणि मोठं सील एरवी विनादाब फिरतं.

तुमच्यासाठी मी दोनच पर्याय ठेवीन. एक, कार्बन-ग्राफाइटची रिंग, मागे स्प्रिंग, समोर हार्डन करून लॅपिंग केलेला सपाट चेहरा. पंपाच्या मेकॅनिकल सीलचंच धाकटं भावंड. दोन, कार्बन भरलेल्या पीटीएफईची (टेफ्लॉनची) दाबाला चालणारी लिप. लिप घेतलीत तर ३०४ ची दांडी विसरा, ती मऊ असते, काही दिवसांत लिप तिच्यावर खाच पाडते. ईएन ३१ (बेअरिंगचं स्टील) हार्डन करून ग्राइंड करा. साध्या रबरी लिपलाच शाफ्टचा कडकपणा ४५ एचआरसीच्या वर आणि फिनिश (खडबडीतपणा) आरए ०.२ ते ०.८ मायक्रॉन लागतो, पीटीएफईला याहून कडक आणि गुळगुळीत. आणि ग्राइंडिंगवाल्याला बजावून सांगा: ग्राइंडिंगचं चाक आडवं सरकवायचं नाही, सरळ आत घालायचं (प्लंज). नाहीतर पृष्ठभागावर नजरेला न दिसणारी आटी पडते आणि सील स्क्रूसारखी हवा बाहेर ढकलतं. मी नोकरीत असताना तीन महिने सीलवाल्याशी भांडलो, दोष ग्राइंडिंगच्या आटीचा निघाला.

ओ-रिंगला नायट्राइल रबर घेऊ नका. घाटात ब्रेक ड्रम तापला की हबही तापतो, आणि नायट्राइल १०० अंशांच्या पुढे कडक होऊ लागतं. उष्णता सोसणारं व्हायटॉन रबर महाग आहे, पण ओ-रिंग केवढीशी असते!

रबाळेकरीण

काका, दंडवत. आटीचा मुद्दा कुणी सांगितलाच नसता. कार्बन फेस सीलचं पटतंय. पण एक शंका: हब कॅप बोल्टांवर बसते, ती ॲक्सलच्या मध्याशी तंतोतंत जुळेलच असं नाही ना?

निवृत्त_फोरमन

नाहीच जुळणार. डायल गेज लावून मोजा आणि इथे सांगा. म्हणूनच तर फेस सील म्हणालो, ते आडवं थोडं सरकलं तरी चेहरा चेहऱ्यावर राहतो. शिवाय ॲक्सलमधून येणारी नळी ताठ धरू नका, ओ-रिंगवर तरंगती ठेवा.

वॉल्व्हपिन

थोडं अवांतर. टायरची हवा चालत्या गाडीतून कमी-जास्त करण्याची कल्पना जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याची डीयूकेडब्ल्यू नावाची पाण्यात आणि जमिनीवर चालणारी गाडी होती, १९४२ ची. किनाऱ्यावरच्या वाळूत शिरताना ड्रायव्हर केबिनमधूनच टायरची हवा उतरवायचा आणि रस्ता लागला की भरायचा. पुढे रशियन झील १५७ ट्रकलाही ती सोय होती.

याच्या उलट टोकाला टायरच्या आतच पंप. गुडइयरने २०११ मध्ये जाहीर केलेल्या कल्पनेत टायरमध्येच एक बारीक नळी असते, टायर रस्त्यावर दबतो तशी ती पुढे पुढे चेपली जाते आणि त्याच दाबाने हवा आत ढकलली जाते. सलाइनच्या पंपात नळी चेपत नेतात, तसंच. तिसरा प्रकार हबवर बसणारा डबा. आत एक वजन लोंबतं, ते चाकाबरोबर फिरत नाही आणि त्या फरकावर छोटा पंप चालतो. अमेरिकेतल्या अपेरिया कंपनीचं हॅलो या जातीचं. त्यात ट्रेलरच्या टाकीला हातच लावावा लागत नाही. ताई, तुम्ही हा विचार केला होता का?

रबाळेकरीण

केला होता. दबत्या नळीसाठी टायर कंपनीच हवी, आपल्या शॉपचं ते काम नाही. लोंबत्या वजनाचा मोह झाला, पण गायमुखच्या घाटासारख्या खड्ड्यांत ते वजन कसं नाचेल याची धास्ती वाटली. आणि ट्रेलरवर हवा आयती आहे, मग पंप कशाला बनवू?

लालपाइप

ब्रेकचं काम करतो, म्हणून चार गोष्टी स्पष्ट सांगतो. रागावू नका.

“हवा आयती आहे” असं म्हणालात तिथेच माझा जीव वर गेला. ती हवा ब्रेकची आहे. टायर फुटला आणि तुमची यंत्रणा तो भरत राहिली तर टाकी रिकामी होईल आणि चालत्या ट्रेलरचे स्प्रिंग ब्रेक (हवा गेली की आपोआप लागणारे) आवळले जातील. म्हणून टाकी आणि तुमच्या नळीच्या मध्ये प्रेशर प्रोटेक्शन वॉल्व्ह हवाच. टाकीत सुमारे ८० पीएसआयच्या खाली गेलं की टायरची वाट बंद, जे उरेल ते ब्रेकचं. हा वॉल्व्ह स्वतः बनवू नका, तयार मिळतो. हवा टाकीवरून घ्या, म्हणजे टाकी भरणाऱ्या लाल पाइपची बाजू. ब्रेकचा इशारा नेणाऱ्या पिवळ्या पाइपला हात लावलात तर ब्रेक दाबताना हवा तुमच्या टायरांकडे पळेल.

दोन: प्रत्येक टायरच्या नळीला वेगळा चेक वॉल्व्ह (हवा एकाच दिशेने सोडणारा). जोडीतला एक फुटला तर दुसऱ्याची हवा त्यातून जाता कामा नये. नाहीतर मामांना एका रात्रीत दोन टायर गमावायला मुंब्र्याचा चढही लागणार नाही.

तीन, आणि हे नव्वद टक्के लोक विसरतात. तुमचं सील कधी ना कधी गळणार. गळलेली हवा कुठे जाईल? हबमध्ये. तिथे दाब साचला की मागचं ग्रीस सील बाहेर ढकललं जातं, ग्रीस लायनरवर येतं आणि त्या चाकाचा ब्रेक गेला. हब कॅपला बाहेर जाणारा व्हेंट ठेवा, त्यावर रबरी झडप, म्हणजे पावसाचं पाणी आत येणार नाही. जॉइंट खुशाल गळू द्या, गळती बाहेर गेली पाहिजे.

चार: गाडीच्या कंप्रेसरचा गव्हर्नर किती बारला कट होतो? टायरचे ११० पीएसआय म्हणजे ७.६ बार. कंप्रेसर ७ ला चालू होऊन ८ ला बंद होत असेल तर टाकीत कधी ७.६ असेल, कधी नसेल. टाकीत असेल त्याहून जास्त टायरला मिळणार नाही. आधी गेज लावून बघा.

कळंबोली४६

लालपाइप साहेब, आम्ही सगळे याच कामाचे, रागावतंय कोण. व्हेंटचं मलाही माहीत नव्हतं.

तापमापी

एक गणित. थंड असताना ३० अंशांना ११० पीएसआय भरलेला टायर ६० अंशांवर गेला की १२२ च्या आसपास दाखवतो, हवा तेवढीच असते. कुणाला वाटेल की जास्त झाली, सोडून द्या. सोडू नका, संध्याकाळी थंड झाला की कमी पडेल. यंत्रणा फक्त भरणारी ठेवा. आणि अपेक्षा आवरा: या टायरच्या पोटात ढोबळ १२० लिटर जागा असते, म्हणजे १० पीएसआय चढवायला बाहेरची ८० लिटरच्या वर हवा लागते. खिळ्याची बारीक गळती भरून निघेल, मोठा काप नाही.

आडवाटेचा

आता मलाच एक लावावीशी वाटायला लागली.

पेन_आणि_पेटंट

रबाळेकरीण, इथे ड्रॉइंग टाकू नका. आत्तापर्यंतची चर्चा सर्वसाधारण आहे, पण तुमची स्वतःची काही नवी करामत असेल तर ती जाहीर झाली की पेटंटचा नवेपणा गेला. आधी प्रोव्हिजनल अर्ज करा, पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात. आपलं कार्यालय अँटॉप हिलला आहे, पण अर्ज ऑनलाइन होतो. या विषयात जुनी पेटंटं ढिगाने आहेत, ती आधी वाचा. निम्मे प्रश्न तिथेच सुटतील. आणि मामांना सांगा, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत मनाला येईल तो बदल करता येत नाही. ब्रेकच्या हवेशी संबंध आहे, तेव्हा रस्त्यावर आणण्याआधी आरटीओत आणि पुण्याच्या एआरएआयकडे (वाहनांची चाचणी करणारी संस्था) विचारा. अपघात झाला तर विमावाले पहिलं हेच काढतील.

ठाण्याचा_टर्नर

जागांचं कुणीच बोललं नाही, मी सांगतो. रबराच्या चाचणीला लांब जाऊ नका, वागळे इस्टेटमध्येच आयआरएमआरए आहे, रबर संशोधनाची संस्था. ओ-रिंगचा कडकपणा, तापवून फुगते का आकसते, सगळं तपासून मिळतं. ग्राइंडिंगला तुर्भे-पावण्यात आणि वागळेत पुष्कळ शॉप आहेत. नाव सांगत नाही, पण जाऊन एक प्रश्न विचारा: “प्लंज करणार का?” मालक “काय फरक पडतो?” म्हणाला तर चहा पिऊन परत या. सुटे सील, रिंगा हव्या तर नागदेवी स्ट्रीट. जुनं सील हातात घेऊन जा, नुसता नंबर सांगितलात तर दुसरंच गळ्यात मारतात. गेज-मापं तपासून घ्यायला (कॅलिब्रेशनला) चुनाभट्टीची आयडेमी ही संस्था.

बॉडी एचई ३० ॲल्युमिनियमची करा, ॲनोडाइझ करून. उरणच्या खाऱ्या हवेत स्टीलचे बोल्ट ॲल्युमिनियमला खातात, तेव्हा थ्रेडमध्ये पेस्ट लावायला विसरू नका.

रबाळेकरीण

(दोन आठवड्यांनी.) सगळ्यांचे आभार. फोरमन काका, डायल लावला. सहा हब कॅप मोजल्या. सगळ्यात चांगली ०.२ मिमी बाहेर, सगळ्यात वाईट ०.६. ताठ नळीचं माझं पहिलं डिझाइन पहिल्याच आठवड्यात मोडलं असतं.

आता कार्बन रिंग, १२ मिमी, ईएन ३१ चा चेहरा, तरंगती नळी. वर्कशॉपच्या मागे मोटर लावून ४०० आरपीएमला ८ बारवर चालवतेय. साबणाचं पाणी लावलं तर तासाला दोन-तीन बुडबुडे, तेही व्हेंटमधून. लालपाइप दादा, तुमची आठवण काढली. किती तास चालवू?

निवृत्त_फोरमन

ताशी ८० ने १ लाख किमी म्हणजे १२५० तास, रात्रंदिवस ५२ दिवस. तेवढं चालवा, पण नुसतं कोरडं नको. रोज थोडा वेळ हीट गनने तापवा आणि लगेच चिखलाचं पाणी मारा. मुंब्र्याचा पाऊस वर्कशॉपमध्ये आणल्याशिवाय खरी गंमत कळणार नाही. २०० तासांनी उघडून कार्बनची उंची मायक्रोमीटरने मोजून ठेवा, मग झिजेचा अंदाज येईल.

रबाळेकरीण

करते. मामाचा एकच आग्रह आहे: हवा भरली जात असेल तेव्हा ड्रायव्हरला कळलं पाहिजे. दिवा कुठे लावू?

कळंबोली४६

केबिनमध्ये नको, त्यावर फडकं येतं. ट्रेलरच्या पुढच्या उजव्या कोपऱ्याला लावा, आरशात दिसेल असा. फ्लो स्विचवर (नळीतून हवा वाहिली की चालू होणारा) जोडा. थोडा वेळ पेटला तर किरकोळ गळती, पेटूनच राहिला तर थांबून खाली उतरायचं. पिवळा लावा, लाल नको, मागच्या गाडीला ब्रेकचा दिवा वाटतो.