मदत हवी आहे: पवनी ते मार्कंडा, दोघांनी स्वतःच्या होडीने. हिवाळ्यात वैनगंगेच्या पाण्याचा भरवसा कसा धरावा?

नमस्कार.

मी जिल्हा परिषदेची निवृत्त शिक्षिका असून पवनी तालुक्यातील नदीकाठच्या एका खेड्यात राहते. माझे यजमान एसटीच्या आगारात मेकॅनिक होते. तेही आता घरीच असतात. निवृत्तीचा पैसा हाती आला की आमच्याकडे लोक घरावर मजला चढवतात. आम्ही होडी घेतली, आणि त्यावरून नातेवाइकांत जे बोलून झाले आहे ते येथे लिहीत नाही.

होडी फायबरची, अठरा फूट लांब आणि पाच फूट रुंद आहे. एका मच्छीमार संस्थेने वापरलेली ती जुनी होडी यजमानांनी उन्हाळाभर खपून दुरुस्त केली, तिला आठ हॉर्सपॉवरचे पेट्रोलवर चालणारे इंजिन बसवले आणि मध्यभागी बांबूच्या कमट्या वाकवून ताडपत्रीचे छप्पर केले. त्याखाली दोन माणसे अंथरूण टाकून निजू शकतात, आणि एका कोपऱ्यात शेगडी व पाण्याचा कॅन राहतो. सामानासह होडी फूटभर पाण्यात बुडते. इंजिनाचा पंखा मात्र दोन फुटांपर्यंत खाली जातो, म्हणून आम्हांला निदान अडीच फूट पाणी लागते.

येत्या हिवाळ्यात पवनीच्या घाटावरून निघून ब्रह्मपुरी, वडसा, आरमोरी आणि गडचिरोली यांच्या अंगाने मार्कंड्यापर्यंत जावे, असा बेत आहे. संगणकावरच्या नकाशात नदीची वळणे धरून मोजले तेव्हा हे अंतर दीडशे ते पावणेदोनशे किलोमीटरच्या दरम्यान भरले. दिवसाला वीस किलोमीटर धरले तर आठ-नऊ दिवस लागतील. यजमानांचे मन त्याहीपुढे, वर्धा आणि वैनगंगा मिळून जिथे प्राणहिता होते त्या चपराळ्याकडे ओढते, आणि अलीकडे सिरोंचाही त्यांच्या बोलण्यात येऊ लागले आहे. मार्कंड्याला नदी उत्तरेकडे वळते. आपणही तिथूनच माघारी फिरावे, असे माझे मत आहे. हा वाद आमचा आम्ही मिटवू. मदत हवी आहे ती पाण्याबाबत.

या वर्षी जानेवारीत आम्ही दोन दिवसांची चाचणी केली. त्याआधी पवनीच्या वरच्या गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्यात अंभोऱ्याच्या बाजूला अनेकदा होडी चालवली होती, पण तिथे पाणी तळ्यासारखे उभे असते. धरणाखालची नदी ही वेगळीच गोष्ट आहे. पुढच्या टोकावर बसून मी बांबूने खोली मोजत होते. बांबूवर हात-हात अंतरावर लाल ऑइलपेंटचे पट्टे आहेत, तरी चालत्या होडीत आकडा वाचून सांगेपर्यंत उशीर होतो, म्हणून आम्ही बोली ठरवून घेतली आहे. मी नुसते 'घोटा', 'गुडघा', 'मांडी', 'कंबर' असे ओरडते, आणि 'मांडी' म्हटले की यजमान इंजिन वर उचलतात. बारा-तेरा किलोमीटर असे बरे गेलो. एका ठिकाणी मी 'कंबर' म्हणाले आणि पुढच्याच क्षणी खडकावर पंखा आपटून पिन तुटली. वाळूत खोली हळूहळू बदलते, खडकात ती सांगून बदलत नाही, हे तेव्हा कळले. सुटी पिन जवळ होती.

खरा धडा दुसऱ्या सकाळी मिळाला. संध्याकाळी आम्ही रेतीच्या एका बेटाला होडी टेकवून, खुंटी ठोकून, दोर बांधून निजलो होतो. तेव्हा होडीचे मागचे टोक मांडीभर पाण्यात होते. पहाटे मी पाय खाली टाकला तर थंड, कोरडी रेती लागली. पाणी पंचवीस-तीस फूट मागे सरले होते आणि होडी एका कुशीवर कलून बसली होती. वरून येणारे पाणी रात्रीतून कमी झाले असावे, एवढेच आम्ही समजलो. जवळच्या गावातून आठ मुले आली, निलगिरीच्या बल्ल्या होडीखाली घालून त्यांनी ती लोटत पाण्यात नेली आणि मोबदल्यात फक्त चहा आणि तर्रीपोहे घेतले. त्यांच्यासोबत आलेले एक वयस्क ढिवर (मच्छीमार) काका मला म्हणाले, "बाई, पानी आता नदीचा नाही राहिला, धरनाचा झाला." त्या एका वाक्यामुळेच मी हा प्रश्न विचारते आहे.

पावसाळ्यात गोसीखुर्दची दारे उघडली की काठच्या गावांना दवंडीपासून मोबाइलपर्यंत सगळीकडून इशारा मिळतो. ३३ दारांपैकी किती, किती उंचीने उघडली आणि किती क्युमेक पाणी सोडले, हे वर्तमानपत्रांतही येते. पण हिवाळ्यात विसर्ग थोडा असताना तो आणखी कमी झाला, तर ते होडीत बसलेल्या माणसाने कसे ओळखावे? कोणत्या पंधरवड्यात निघाल्यास मार्कंड्यापर्यंत सलग अडीच फूट पाणी मिळण्याची शक्यता अधिक आहे? वडसा आणि ब्रह्मपुरी यांच्यामधल्या रेल्वे पुलाखाली दगड फार आहेत असे ऐकले. तिथून होडी कोणत्या काठाने काढावी? आणि चामोर्शी तालुक्यातील चिचडोह बंधाऱ्यातून होडी पार होण्याची काही सोय नसेल, तर ती पाण्याबाहेर काढून बंधाऱ्याखाली पुन्हा कशी उतरवावी? इंजिन काढल्यावर तिचे वजन अडीच क्विंटलच्या आसपास आहे.

सुरक्षेबाबत आम्ही निष्काळजी नाही, हे आधीच सांगते. जानेवारी २०२४ मध्ये चामोर्शी तालुक्यातील गणपूरजवळ मिरची तोडायला निघालेल्या बायांची नाव याच नदीत उलटली. त्या घटनेनंतर आमच्या घरात लाइफ जॅकेट न घालता होडीत पाय ठेवायचा नाही, असा नियम झाला आहे, आणि तो पाण्याच्या मधोमध स्वयंपाक करतानाही पाळला जातो. माशांची जाळी रिकाम्या बाटल्या आणि थर्माकोलच्या तुकड्यांवरून ओळखू येतात. शेतकऱ्यांच्या मोटारपंपांचे पाइप आणि पाण्यात लोंबणाऱ्या केबल मात्र संध्याकाळी दिसत नाहीत, म्हणून आम्ही चार वाजता थांबतो.

आणखी एक शंका कागदपत्रांची आहे. अंतर्देशीय जलयान कायदा, २०२१ नुसार यंत्रावर चालणाऱ्या होडीला नोंदणी, तपासणी आणि विमा लागतो, आणि आपल्या राज्यात हे काम मेरीटाइम बोर्डाकडे आहे, असे वाचले. बोर्डाचे मुख्यालय मुंबईत, आणि आम्ही समुद्रापासून इतके दूर की आमच्या तालुक्यातील एका कार्यालयात 'होडीची नोंदणी' म्हटल्यावर माझ्यापुढे मासेमारीच्या अनुदानाचा अर्ज ठेवण्यात आला. २०१६ च्या कायद्याने राष्ट्रीय जलमार्ग ठरवलेल्या १११ मार्गांत वैनगंगा-प्राणहितेचेही नाव आहे, हे मी त्यांना सांगितले, तेव्हा ते गृहस्थ मनापासून हसले. विदर्भातील कोणी स्वतःच्या होडीची नोंदणी केली असल्यास कृपया क्रम सांगावा.

प्रतिसाद, लाखांदूर तालुक्यातून

ताई, मी पाटबंधारे खात्यात नोकरी केलेला माणूस आहे, म्हणून पाण्यापुरते लिहितो.

तुमचे ढिवर काका बरोबर बोलले. खात्याच्या हिशेबात खरीप हंगाम १४ ऑक्टोबरला संपतो आणि १५ ऑक्टोबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत रब्बी चालतो. पावसाळा संपता संपता धरण भरून घ्यायचे आणि रब्बीत ते पाणी कालव्यांनी शेतात न्यायचे, हा कारभार असतो. कालव्यात गेलेले पाणी नदीला दिसत नाही. म्हणून जानेवारीत धरणाखालच्या पात्रात तुम्हांला जे मिळाले ते उरलेसुरले होते, आणि ते रात्रीतून घटणे यात नवल नाही.

तुम्ही ऑक्टोबरच्या अखेरीस निघावे. त्या वेळी धरणाने हात आखडता घेतला तरी खालून मिळणाऱ्या नद्या वाहत्या असतात. आमच्या तालुक्यात चुलबंद मिळते, आरमोरीच्या बाजूला गाढवीचे पाणी येते. त्यामुळे पवनी ते चुलबंदचा संगम हा पहिला टप्पा सर्वांत उथळ, आणि त्यापुढे नदी थोडी अंग धरते. डिसेंबर लागला की रेतीत डांगरवाड्या पडू लागतात. काठचा माणूस पात्रात काकडी-टरबूज लावायला उतरला, म्हणजे होडीचा हंगाम संपला असे समजावे.

पाण्याच्या पातळीसाठी केंद्रीय जल आयोगाची मोजणी केंद्रे पवनीला आणि खाली आष्टीला आहेत. निघण्यापूर्वी आठवडाभर पवनीची पातळी रोज वहीत लिहून ठेवावी. एका दिवसाच्या आकड्याला अर्थ नाही; तो चढतो आहे की उतरतो आहे, हे पाहायचे. क्युमेक म्हणजे सेकंदाला १००० लिटर, आणि एक क्युमेक म्हणजे सुमारे ३५ क्युसेक. बातमीत यांपैकी कोणता शब्द आहे ते नीट वाचावे, कारण वर्तमानपत्रांत त्यांची अदलाबदल सर्रास होते.

मुक्कामाबाबत एकच आग्रह आहे: बेटावर निजू नका. जे पाणी रात्री उतरते तेच चढूही शकते, आणि तेव्हा बेटावरून काठाला यायला वाट उरत नाही. होडी काठाजवळच्या डोहात, लांब दोरावर, तरंगती ठेवावी. दिवेलागणीला पाण्याच्या कडेला एक काडी रोवावी आणि निजण्यापूर्वी बॅटरीने पाहावी. काडी आणि पाणी यांच्यात चार बोटे अंतर पडले असेल, तर होडी लगेच खोलात न्यावी. आम्ही कालव्यावर हेच करत होतो.

प्रतिसाद, वडशाहून

मॅडम, रेल्वे पुलाखालच्या दगडांबद्दल मी येथून सांगणे धोक्याचे ठरेल, कारण दरवर्षीच्या पुरात रेती सरकते आणि गेल्या वर्षीची वाट यंदा राहत नाही. पुलाच्या अलीकडे थांबून तिथल्या ढिवरांपैकी एखाद्याला होडीत घ्यावे आणि त्याची दिवसाची मजुरी द्यावी. इंजिन बंद ठेवून बांबूने रेटत जावे.

मला सांगायचे आहे ते वाघाबद्दल. उजव्या काठाला ब्रह्मपुरी वनविभाग आणि डाव्या काठाला वडसा वनविभाग आहे, आणि वाघ नदी पोहून या काठावरून त्या काठावर जातात. आमच्याकडे शेतात गेलेली माणसे मारली गेली आहेत. २०२१ पासून छत्तीसगडकडून आलेले रानहत्तीही या भागात फिरतात. त्यामुळे काठावर चूल मांडून बसणे, पहाटे झुडपाआड जाणे, या गोष्टी गावाच्या घाटाखेरीज इतरत्र करू नयेत. मुक्काम गावाच्या घाटालाच असावा, आणि पोचल्याबरोबर पोलीस पाटलाला सांगावे. गडचिरोली जिल्ह्यात शिरल्यावर तर पोलीस ठाण्यातही आपला बेत लेखी देऊन ठेवणे बरे. अनोळखी होडी रात्री काठाला दिसली की लोक रेतीचोरीचा संशय घेतात, ही आणखी एक अडचण.

धागाकर्तीचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. काडीची युक्ती यजमानांनी त्याच संध्याकाळी आमच्या घाटावर करून पाहिली. तीन तासांत पाणी दोन बोटे उतरले. माझ्या डोळ्यांना ते तसेच दिसत होते.

निघण्याची वेळ आम्ही डिसेंबरवरून ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यावर आणली आहे. दिवाळी त्याच सुमारास आली तर ती होडीत होईल, आणि फराळाचे डबे किती घ्यायचे यावर आता चर्चा चालू आहे. बेटावरचा मुक्काम रद्द केला. पहिल्या टप्प्यासाठी होडी हलकी करायची, म्हणून पेट्रोलचे कॅन आणि अंथरुणे पुतण्याच्या गाडीने चुलबंदच्या संगमाकडे पुढे पाठवू, आणि तिथवर इंजिन न वापरता वल्ह्यांनी व बांबूने जाऊ. अर्ध्या वेगात इंजिन तासाला दीड-दोन लिटर पेट्रोल घेते, त्यामुळे सगळा साठा पवनीहूनच लादण्याचे कारण नव्हते, हे आता लक्षात येते. नोंदणीचा अर्ज मी मुंबईला टपालाने पाठवणार आहे. कागद हाती येईपर्यंत इंजिन लावून निघायचे नाही, यावर आमचे एकमत आहे. वेळ आलीच तर इंजिन घरी ठेवू, आणि मग दिवसाला वीसऐवजी दहा किलोमीटर धरू.

चिचडोहचा प्रश्न मात्र राहिला आहे. होडी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून बंधाऱ्याच्या खाली नेण्याची आमची तयारी आहे. पुतण्याच्या ओळखीने चामोर्शीला ट्रॅक्टरही मिळेल. चामोर्शी तालुक्यातील कोणी हे वाचत असल्यास एवढेच सांगावे: बंधाऱ्याच्या वर आणि खाली, दोन्ही ठिकाणी ट्रॉली पाण्यापर्यंत नेता येईल असा उतार कोणत्या काठाला आहे, गडचिरोलीकडच्या की चंद्रपूरकडच्या? आणि ऑक्टोबरअखेर तो रस्ता ट्रॅक्टर रुतणार नाही इतका वाळलेला असतो का?