माथेरानची लीद परसबागेत कशी वापरावी?

प्रश्न: नेरळला आमच्या परसात वांगी, मिरची आणि कढीपत्ता आहे. माथेरानच्या एका घोडेवाल्याकडून चार पोती ताजी लीद मिळाली आहे. ती थेट आळ्यात घातली तर चालेल का?

प्रतिसाद १: थेट घालू नका. घोडा रवंथ करत नसल्यामुळे गवताचे बी त्याच्या पोटातून पुष्कळदा न पचता बाहेर पडते, शिवाय ताजी लीद कुजताना इतकी तापते की कोवळी मुळे करपतात. ओलसर ढीग रचून, दर आठ-दहा दिवसांनी वरखाली करत, तीन-चार महिने कुजू द्या. आतील तापमान काही दिवस ५५ ते ६० अंश सेल्सिअस राहिले, तर बहुतेक तणबी मरते. उग्र वास जाऊन खत काळसर, भुसभुशीत झाले की वापरावे.

प्रतिसाद २: सहमत. पावसाळ्यात मात्र ढीग झाकून ठेवा, नाहीतर नत्र वाहून जाईल. नेरळचा पाऊस आपणांस ठाऊकच आहे. घोड्याला नुकतेच जंताचे औषध दिले होते का, हेही विचारून घ्या, कारण आयव्हरमेक्टिन या जंतनाशकाचा अंश लिदेत उतरतो आणि शेणकिड्यांना बाधतो. लिदेत धनुर्वाताचे जंतू असू शकतात, म्हणून हातमोजे घालावेत.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. पोती आजच रिकामी करून ढीग लावतो.